आवाजाआधी थांबलेला हात

आज सकाळी कचऱ्याचा रिकामा बिन आत घ्यायला बाहेर गेलो आणि मागून मॅगपायने येऊन टाळक्यात चोच मारली. टाळक्यातच, कारण आडवं यायला तिथे आता केस उरलेले नाहीत. एका हाताने बिन ओढत, दुसऱ्याने डोकं झाकत मी पळालो, तर समोरचा गुरप्रीत गाडी काढता काढता काच खाली करून म्हणाला, भाईसाब, सीझन आ गया. आला खरा. आमचं ट्रुगानिना खालच्या गोलार्धात, इथे वसंत सप्टेंबरात येतो आणि झाडांवर दिसायच्या आधी डोक्यावर बसतो. घरट्यात पिल्लं असली की हे काळे-पांढरे पक्षी दीड-दोन महिने रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला चोर समजतात. बायकोने, मृदुलाने, कापसाने माझं डोकं पुसलं, दोन शब्द सुनावले, आणि मी मात्र खुर्चीत बसून हसत राहिलो. मला हेल्मेट घातलेली आई आठवली होती.

आई ठणठणीत आहे, कराडला आपल्या घरी आहे, तेव्हा कुणी लगेच गंभीर होऊ नये. मी सांगतोय तो तीन वर्षांपूर्वीचा वसंत. आई तेव्हा सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आमच्याकडे आली होती. दुसऱ्याच आठवड्यात मॅगपायने तिचा अंबाडा विस्कटला. त्यावर माझ्या लेकीने, इराने, स्वतःचं गुलाबी सायकलचं हेल्मेट आणलं, पक्षी टेकू नये म्हणून त्याला चारी बाजूंनी प्लास्टिकचे केबल-टाय उभे बांधले आणि आजीच्या डोक्यावर चढवलं. नऊवारी नाही, पण पाचवारी सुती साडी, पायात मृदुलाचे गमबूट आणि डोक्यावर ते गुलाबी साळिंदर. "आजी, यू लुक सो कूल," असं इरा म्हणाली, आणि आईने ते खरं मानलं. पुढचे तीन महिने ती अशीच फिरली.

आमच्या ऑफिसच्या पॅडॉकवर पण अशीच. पॅडॉक म्हणजे कुरणच, तारेचं कुंपण घातलेलं. वेरिबीच्या पलीकडे आमच्या कंपनीची एक शेड आहे आणि शेडमागे हे रान. गणपतीच्या कार्यक्रमात मला लोक विचारतात, कुठल्या बँकेत? टेलिकॉम का? मी म्हणतो, सुरुंग शोधायची यंत्रं बनवतो. मग समोरचा माणूस कागदी प्लेटमधला मोदक हातात धरून जरा मागे सरकतो. मी त्याला सांगतो की बाबा, आमच्याकडे खरा सुरुंग एकही नाही, आम्ही फक्त ऐकायचं काम करतो. ज्या देशांत लढाया झाल्या तिथल्या शेतांत, पाणंदींवर, शाळांच्या मागे हे सुरुंग तसेच पडून राहिलेत. सैनिक घरी गेले, म्हातारे झाले, काही वारलेही. जमिनीतली वस्तू तशीच. ती शोधायला बायामाणसं रोज सकाळी हेडफोन घालून निघतात, आणि त्यांच्या हातातल्या यंत्राच्या आत जे सॉफ्टवेअर चालतं, त्यातलं थोडं मी लिहितो.

आमची जमीन वाईट आहे म्हणूनच ती कंपनीने घेतली. या पश्चिमेच्या बाजूला सगळा जुना लाव्हारस, आपल्याकडच्यासारखाच. काळा दगड, चिकट काळी माती, तिच्यात लोहाचा अंश एवढा की यंत्र नुसत्या मातीवरही कण्हत राहतं. इथे पास झालेलं यंत्र कुठेही पास होईल, असा हिशेब. सप्टेंबरमध्ये त्या रानावर पिवळ्या फुलांचा नुसता पूर येतो. त्याला इथे तण म्हणतात आणि त्यावर औषध फवारतात, पण मला ती फुलं आवडतात. वारा मात्र वैताग आणतो. सकाळी जाकीट, दहाला टी-शर्ट, अकराला पाऊस, दुपारी पुन्हा ऊन. आणि वारा फिरला की वेरिबी ज्यासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे तो मैलापाण्याचा वास. आई म्हणायची, एवढ्या लांब विमानाने आले आणि वास मात्र आपल्या नाल्याचा.

त्या वसंतात मी जरा हवेत होतो, हे कबूल करतो. तीन वर्षं खपून मी एक गोष्ट केली होती. आम्ही तिला शांत मोड म्हणायचो. त्याचं असं आहे, सुरुंग शोधणाऱ्याला यंत्राच्या प्रत्येक आवाजावर गुडघे टेकून, पातळ सळीने तिरकं टोचत टोचत माती उकरावी लागते. आणि निघतं काय, तर खिळा, बाटलीचं बूच, तारेचा तुकडा. असं दिवसभर, आणि तेही उन्हात. मग कधीतरी निघायचं ते निघतं. मी म्हटलं, मातीची कुरकुर आणि खिळ्यांची किरकिर यंत्रानेच ओळखून गाळून टाकली तर? जिथे खरा संशय तिथेच आवाज. खोटे आवाज इतके कमी झाले की माझा बॉस ग्रॅहम, जो एरवी फक्त हवामान आणि फुटीवर, म्हणजे इथल्या फुटबॉलवर, बोलतो, तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ब्यूटी, मेट. पॅडॉकमध्ये मी वीस डबे पुरले होते. पेढ्याच्या छोट्या डब्याएवढे प्लास्टिकचे, आत टाचणीएवढा धातू. असे सुरुंग खरोखरच असतात आणि तेच सगळ्यात वाईट, कारण ऐकू येण्यासारखं त्यांच्यात काही नसतं. माझ्या शांत मोडने वीसच्या वीस शोधले. एकदा नाही, अनेकदा. डिसेंबरात पहिली यंत्रं कंबोडियाला जायची होती.

आणि ती जिच्या हातात पडणार होती ती चन्था सप्टेंबरमध्ये आमच्याकडे आली, यंत्र शिकायला आणि तपासायला. वय पस्तिशीच्या आसपास, बुटकी, मजबूत मनगटं, केस घट्ट बांधलेले. अकरा वर्षं हेच काम. आधी कपड्यांच्या कारखान्यात होती, पण तिथे पाठ गेली, म्हणून इकडे आली, असं ती अगदी सहज सांगायची. तिच्या गावातल्या शाळेमागे एक माळ होता, तिकडे चेंडू गेला की तो गेला, दुसरा आणायचा. लहानपणापासून तिला ते जगाचा नियमच वाटत होतं. पुढे तिनेच तिच्या टीमबरोबर तो माळ साफ केला, आणि तीन सडलेले चेंडू सापडले. हे सांगताना ती पोट धरून हसली होती. बाकी ही धीट बाई मॅगपायला मात्र भयंकर घाबरायची. पॅडॉकमध्ये पक्षी दिसला की चेहऱ्यावरचं जाड प्लास्टिकचं मुखवट्यासारखं आवरण खाली ओढून शेडकडे पळायची.

वेरिबीतल्या मोटेलमध्ये ती एकटी राहते कळल्यावर आईने तिला रविवारी जेवायला बोलवायचं फर्मान काढलं. आईचं इंग्रजी हा आमच्याकडे स्वतंत्र विषय आहे. कराडात तिचा टायपिंगचा क्लास होता, तीस वर्षं. मिनिटाला मराठी तीस शब्द, इंग्रजी चाळीस, सरकारी परीक्षेची तयारी. त्यामुळे तिचं सगळं इंग्रजी व्यापारी पत्रांमधून आलेलं. "काइंडली टेक वन मोअर भाकरी," ती चन्थाला म्हणायची. चन्थाने नको म्हटलं की, "आय बेग टू डिफर." चन्था बिचारी घ्यायची. तिला आमटी-भात आवडला, पण खरा जीव जडला ठेच्यावर. पहिल्याच दिवशी तिने ठेचा असा खाल्ला की आई माझ्याकडे वळून म्हणाली, ही आपलीच आहे. त्यानंतर चन्थाही तिला आई म्हणायला लागली. तिच्या कामाच्या जाकिटावर छातीशी रक्तगट लिहिलेला होता. आईने चष्मा सारून तो वाचला आणि विचारलं, हा कशाला? चन्थाने सांगितलं, अपघात झाला तर डॉक्टरला शोधत बसायला नको.  थोड्या वेळाने भांडी घासताना आई मला हळूच म्हणाली, माझाही बी पॉझिटिव्हच आहे.

परीक्षेचा दिवस ऑक्टोबरच्या सुरुवातीचा. रात्री पाऊस होऊन गेला होता, गवतातून चालताना पँट पोटरीपर्यंत भिजत होती. चन्थाला डबे कुठे पुरलेत ते माहीत नव्हतं. तिने यंत्र घेतलं, जमिनीशी समांतर धरलेली ती गोल ताटली डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, एका लयीत फिरवत चालली. मध्येच थांबायची, गुडघे टेकायची, झेंडी रोवायची. तासाभराने ग्रॅहमने माझा नकाशा उघडला. सतरा सापडले होते. तीन राहिले. राहिलेल्यांतल्या एका जागी मातीत दोन गोल खळगे होते, पाणी साचलेले. शेजारची झेंडी रोवताना ती तिथेच गुडघ्यांवर बसली होती. चन्था वाकून त्या खळग्यांकडे बघत राहिली. मग नळाशी गेली, आणि पँटच्या गुडघ्यांवरचा चिखल चोळून चोळून धुतला. ग्रॅहम एरवी कशालाही नो वरीज म्हणतो. त्या दिवशी म्हणाला नाही.

आता माझी शोभा सांगतो. ग्रॅहमने मला कारण लिहून मागितलं, आणि मी अर्ध्या तासात लिहिलं. यंत्राच्या नोंदीत दिसत होतं की चन्थाचा हात आमच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या वेगापेक्षा जोरात फिरत होता. जोरात फिरवलं की शांत मोडला विचार करायला वेळ मिळत नाही, बारीकसा आवाज त्याला मातीचीच कुरकुर वाटते आणि तो गाळून टाकतो. मी लिहिलं, वापरणाऱ्याने ठरवून दिलेला वेग पाळला नाही. वाक्य खोटं नव्हतं. पण ते लिहिताना मला जे बरं वाटलं, सुटल्यासारखं वाटलं, त्याची आज लाज वाटते. तो कागद पाठवण्याआधी पुरावा म्हणून एकदा स्वतः पुन्हा करून दाखवावं, म्हणून शनिवारी मी पॅडॉकवर गेलो. घरी कंटाळते म्हणून आईलाही नेलं.

ती घडीच्या खुर्चीत बसली, हेल्मेट घालून, मांडीवर मटारची पिशवी. मी हेडफोन न लावता, यंत्राचा आवाज मोकळा सोडून, नेहमीसारखा निघालो. एक, दोन, सात, बारा, वीस. घामाघूम होऊन परत आलो आणि म्हणालो, बघ, वीसच्या वीस, हात नीट फिरवला तर काही राहत नाही. आई शेंग सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तू आधीच थांबतोस, नंदू."

मी म्हटलं, काय? ती म्हणाली, आवाज यायच्या आधी तुझा हात थबकतो. तुला ठाऊक आहे ना कुठे पुरलंय ते. तू की-बोर्डकडे बघून टाइप करतोयस.

हे तिच्या क्लासमधलं बोलणं. तिथे मुलांच्या हातांवर ती कापडाचा तुकडा टाकायची, अक्षरं न बघता बोटं चालली पाहिजेत म्हणून. आणि कुणी कापडाच्या फटीतून बघितलं तर तिला पाठमोरी असतानाही कळायचं. नुसत्या टकटकीवरून. बघून मारलेल्या बोटाचा ठोका वेगळा पडतो म्हणायची. सगळं कराड तिला त्यासाठी वचकून होतं. आणि मी, त्या बाईचा मुलगा, तिच्याच तोंडावर म्हणालो, आई, तुला यातलं काय कळतं? तीन वर्षं घातलीत मी यात. तू मटार सोल.

तिने मटार सोलले.  घरी येताना गाडीत मी रेडिओ लावला, मग बंद केला.

रविवारी दुपारी चिडूनच लॅपटॉप उघडला. तिला चूक ठरवायचं, एवढाच उद्देश. माझ्या हाताच्या वेगाची रेघ काढली आणि तिच्यावर आवाजाच्या खुणा मांडल्या. मोकळ्या जागी माझा हात चन्थाइतकाच जोरात फिरत होता, मॅन्युअलला न जुमानता. आणि वीस जागी रेघ खाली बसली होती. प्रत्येक वेळी आवाजाच्या आधी. जणू हाताला डोळे होते. मॅन्युअलमधला तो वेगसुद्धा मीच ठरवला होता, माझ्या अशाच जुन्या नोंदींवरून. म्हणजे पेपर मी काढला, उत्तरं मी लिहिली आणि तपासलाही मीच.  डिसेंबरात यंत्रं गेली असती. कुणीतरी सकाळी हेडफोन घालून, यंत्र गप्प आहे म्हणून, विश्वासाने गुडघे टेकले असते. चन्थानेच टेकले असते कदाचित.

आई आतल्या खोलीत इराच्या युनिफॉर्मला इस्त्री करत होती. मी दारात उभा राहून म्हटलं, आई, तुझं बरोबर होतं. ती म्हणाली, माहीत आहे, चहा ठेव. मी चहा ठेवला. आलं किसताना डोळ्यांत पाणी आलं, आणि आल्याने येत नाही हे तिला कळतं. ती मागून येऊन म्हणाली, अरे, तू लबाडी नाही केलीस, हाताने केली, आता हाताला कापड घाल.

सोमवारी ग्रॅहमला रेघ दाखवली. त्याने कंबोडियाला फोन करून डिसेंबरची तारीख रद्द केली. मला रागावला असता तर बरं वाटलं असतं. नंतर लंचला मी चन्थाच्या समोर बसून तो कागद तिला दाखवला, मी तुझ्यावर ढकलणार होतो म्हणून सांगितलं. तिने शांतपणे वाचला, घडी करून परत दिला. मग म्हणाली, "तुला जागा माहीत असते, तिथे तू सावकाश होतोस. मला कुठलीच जागा माहीत नसते. आणि मला संध्याकाळी घरी जायचं असतं." एवढंच. डब्यातला ठेचा माझ्याकडे सरकवला आणि जेवायला लागली.

आता डबे मी पुरायचे नव्हते. ग्रॅहमही नको, तो माझ्यासमोर चेहरा लपवू शकत नाही. तेव्हा शेवटी आईनेच पुरले. त्यासाठी तिला सुरक्षेचा फॉर्म भरावा लागला. व्यवसायाच्या रकान्यात तिने सुंदर अक्षरात लिहिलं, टंकलेखन शिक्षिका, निवृत्त. साडीवर पिवळं जाकीट, हेल्मेट, गमबूट, हातात खुरपं आणि इराची फूटपट्टी. तीन दिवस ती त्या पॅडॉकवर वाकलेली होती. चन्थाने फक्त खोली किती हवी ते शिकवलं आणि पाठ फिरवून उभी राहिली. मला शेडच्या त्या बाजूला यायलाही बंदी. नंतर कळलं की डबे वीसच, पण खड्डे पन्नास खणले होते. तीस नुसतेच उकरून बुजवले, ताज्या मातीवरून मला ओळखता येऊ नये म्हणून. कॉपी करणारे मी तीस वर्षं बघितलेत, ती म्हणाली. नकाशा तिने शॉर्टहँडमध्ये काढला. नियमाप्रमाणे ग्रॅहमने तो तपासायला मागितला, उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि आदराने परत दिला.

पुरल्या पुरल्या तपासून चालत नाही, माती बसावी लागते. त्यामुळे आम्ही पावसाची वाट बघत बसलो. आपल्याकडे पेरणीनंतर बघतात तशी. ऑक्टोबरचा तो महिना मला आयुष्यातल्या चांगल्या महिन्यांपैकी वाटतो, का ते नीट सांगता येत नाही. काम मोडून पडलं होतं, रोज नव्याने लिहीत होतो, पण घर भरलेलं होतं. पत्र्यावर पाऊस आला की आई चहा घेता घेता म्हणायची, बसतेय तुझी माती. रविवारी चन्था यायची आणि दोघी ओट्याशी उभ्या राहून मिरच्या भाजायच्या, स्मोक अलार्म वाजायचा, इरा टॉवेल फडकवत त्याच्याखाली नाचायची. मी आईला हळूच विचारायचो, कुंपणाच्या बाजूला आहेत का गं जास्त? ती परीक्षेच्या सुपरवायझरसारखी भिंतीकडे बघायची. मी तिचा एकुलता एक मुलगा आहे याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

डबे चार पट्ट्यांत होते, कुठल्या पट्टीत किती ते फक्त तिला ठाऊक. दर आठ-दहा दिवसांनी एक नवी पट्टी. पहिल्या पट्टीत मी तीन झेंड्या रोवल्या आणि खुर्चीकडे बघितलं. आई कागद बघून म्हणाली, सहा. माझी तीन वर्षं त्या एका शब्दात बसली. नंतर लक्षात आलं की न सापडलेल्या तिन्हींवरून मी पाय देऊन आलो होतो. त्या दिवशी यंत्र हातात धरल्यावर मला पहिल्यांदा भीती वाटली, खोट्या डब्यांची खरी भीती. ती बरी होती. त्याआधी मी नुसतंच सॉफ्टवेअर लिहीत होतो.

दुसरी पट्टी बरी गेली, तिसरी त्याहून बरी. चौथी नोव्हेंबरच्या शेवटी, चन्था जायच्या आदल्या दिवशी; ही पूर्ण निघाली तर एक यंत्र तिच्याबरोबर जाणार होतं. तोवर फुलं जाऊन गवत पिवळं पडलं होतं, चालताना कुसळं मोज्यांत घुसत होती. चन्थाने पट्टी केली, आपल्या नेहमीच्या वेगाने. चार झेंड्या. ग्रॅहम, मी, चन्था, सगळे आईकडे बघत होतो. तिला कळत होतं की मुलाचं काय अडकलंय. चार म्हणाली असती तर नकाशा वाचणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं. तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, "पाच."

यंत्र गेलं नाही. चन्था आपल्या जुन्याच यंत्राकडे, प्रत्येक खिळ्यावर बोंबलणाऱ्या त्या यंत्राकडे, परत गेली आणि जाताना खूश होती. बोंबलतं ते बरं, म्हणाली. विमानतळावर आईने तिला डिंकाचे लाडू आणि ठेच्याची बाटली दिली, काइंडली अ‍ॅक्सेप्ट म्हणाली, आणि मग पत्रातलं पुढचं वाक्य तिला आठवेना. दोघी नुसत्याच एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. महिनाभराने आईला सोडायलाही त्याच दारापर्यंत गेलो.

पुढचं वर्ष मी शांत मोड मोडून काढण्यात घालवलं. आता यंत्र काही गाळत नाही. जिथे त्याला खात्री नसते तिथे ते पूर्ण गप्प बसण्याऐवजी अगदी हलकं कुजबुजतं, आणि थांबायचं की पुढे जायचं ते ऐकणारीवर सोडतं. खोटे आवाज जुन्या यंत्रापेक्षा कमी, माझ्या त्या दिमाखदार मोडपेक्षा जास्त. बनवणाऱ्याने पुरायचं नाही, हा आमच्याकडे आता नियम आहे. नव्या आलेल्या इंजिनियरना मी तो सांगतो, ते मान हलवतात, आणि मी त्यांच्या हातांकडे बघत राहतो. मागच्या वर्षी यंत्रं गेली. चन्थाच्या टीमला सहा मिळाली.

मॅगपायमुळे हे लिहायला बसलो असं मी वर भासवलं, ते काही खरं नाही. काल दुपारी मी पॅडॉकमध्येच होतो, पिवळ्या फुलांत, आणि चन्थाचा मेसेज आला. सकाळी एक सापडला, प्लास्टिकचा, आंब्याच्या मुळाशी. आवाज फार बारीक होता, आधी वाटलं मातीच आहे, मग पुन्हा फिरवलं. जुन्या यंत्राच्या बोंबलण्यात तो ऐकू आला नसता. गुडघा टेकणार होते त्या जागेपासून एक वीतभर लांब होता. आता आम्ही सगळे जेवायला बसलोय.

मी गवतात खाली बसलो. पँट भिजली. मग आईला फोन लावला. तिकडे सकाळचे साडेनऊ, तिचा स्वयंपाक चालू होता. मी मेसेज मराठीत वाचून दाखवला. आई म्हणाली, थांब जरा, गॅस बंद करते. फोन ओट्यावर ठेवल्याचं ऐकू आलं, मग नळ सोडल्याचं.  नाक शिंकरल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

मग फोन उचलून तिने विचारलं, "दोन्ही पाय आहेत ना रे तिचे?"

"आहेत," मी म्हणालो.

"बरं," आई म्हणाली, आणि तिने पुन्हा गॅस पेटवला.